एका दाताचे सुटे भाग

"डॉक्टर, इम्प्लांट कितीला पडेल?" असं विचारताना पेशंटच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू असते, हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू. आम्ही त्याला फिक्स्चर म्हणतो आणि डीलरही भाव सांगतो तो त्याचाच. पण दात उभा राहीपर्यंत हीलिंग कॅप लागते, मापासाठी ट्रान्सफर, लॅबसाठी अ‍ॅनालॉग, मग फिक्स्चर आणि दात जोडणारा अबटमेंट आणि त्याचा बारीक स्क्रू. फिक्स्चरवर घासाघीस करून वाचवलेले पैसे या किरकोळ भागांत कधी जिरतात, ते महिनाअखेरीच्या बिलातच दिसतं.

स्कीम लागली की आज एका कंपनीचे, उद्या दुसऱ्या कंपनीचे फिक्स्चर घ्यायचा मोह होतो. पण बहुतेकदा कंपनीगणिक जोड वेगळा, किट वेगळं, कित्येकदा ड्रायव्हरही वेगळा. कपाट भरतं आणि हवा तो भाग नेमका नसतोच. म्हणून मी एकच सिस्टिम ठेवते, फार तर दोन.

खरी गळती अबटमेंटच्या ऑर्डरमध्ये असते. एकाच अबटमेंटची कॉलर, म्हणजे हिरडीतून वर येणारा भाग, 1, 2, 3, 4 मिलिमीटर अशा उंचीत मिळते. अंदाजाने "दोन उंचीचे मागवू" म्हटलं की एक ड्रॉवरमध्ये पडून राहतो. सील फुटलं असेल तर डीलर परत घेत नाही. त्यामुळे हीलिंग कॅप काढल्याबरोबर प्रोब घालून चारही बाजूंनी हिरडीची उंची मोजायची, केसपेपरवर लिहायची आणि मगच फोन करायचा. पडून आहे म्हणून आखूड कॉलर बसवली, तर वरच्या दाताची (क्राउनची) कड हिरडीत खोल जाते, तिथे राहिलेलं सिमेंट साफ होत नाही, हिरडी सुजते, हाड झिजू लागतं. अबटमेंटचे पैसे वाचतात आणि फिक्स्चर धोक्यात येतं.

पुन्हा काय वापरावं, यावर आमच्यात वाद होतात. कंपनीची परवानगी असेल आणि कडा शाबूत असतील तोवर ट्रान्सफर ऑटोक्लेव्ह करून वापरायला हरकत नाही. अ‍ॅनालॉग लॅबच्या डब्यात हरवतात, म्हणून स्लिपवरच "अ‍ॅनालॉग परत" असं लिहिते. आतला षटकोन झिजलेला दिसला की मात्र अ‍ॅनालॉग टाकूनच द्यायचा. हीलिंग कॅपचं तसं नाही. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, पण टायटॅनियमवर चिकटलेला प्रथिनांचा थर राहू शकतो. ती मी दुसऱ्या पेशंटला लावत नाही.

स्क्रूवर तर काटकसर नकोच. बहुतेक सिस्टिममध्ये तो 25 ते 35 न्यूटन-सेंटिमीटरला आवळतात. त्या जोरात तो किंचित ताणला जातो आणि ताणामुळेच जोड घट्ट राहतो. लॅबमध्ये दहादा आवळलेल्या स्क्रूत ती ताकद उरत नाही. म्हणून लॅबला जुना द्यायचा, तोंडात कोरा. दुसऱ्या कंपनीच्या 'कंपॅटिबल' अबटमेंटलाही, जोड तसा घट्ट राहील याची खात्री नसल्याने, माझा नकार असतो. शिवाय अनेक कंपन्यांची गॅरंटी मूळ भाग वापरले तरच लागू होते.

पूर्ण जबड्याच्या केसमध्ये हा हिशोब फुगतो. चार फिक्स्चरवर दात बसवायचे तर चार मल्टियुनिट अबटमेंट, त्यांच्या चार कॅप, चार ट्रान्सफर, चार अ‍ॅनालॉग, तात्पुरत्या दातांचे चार सिलिंडर, कायमच्यांचे चार. फिक्स्चर आणि स्क्रू सोडूनच 24 वस्तू. ही यादी सर्जरीच्या आधी एस्टिमेटमध्ये आली नाही, तर नंतर पेशंटकडे मागताना जीभ रेटत नाही.

फुकटातली बचतही आहे, फिक्स्चरच्या डबीवरचं स्टिकर. त्यावर साइज आणि लॉट नंबर असतो. एक स्टिकर केसपेपरवर लावायचं, एक पेशंटच्या कार्डावर. दुसऱ्या गावी इम्प्लांट केलेले एक काका हलणारा दात घेऊन आले, कार्ड नव्हतं. एक्स-रेवरून कंपनी ओळखण्यात, डीलरांना फोटो पाठवण्यात दिवस गेले, ड्रायव्हर मागवून बघावे लागले. शेवटी स्क्रू आवळायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ड्रायव्हरचे पैसे काकांच्या बिलात लावायचे की नाही, यावर रिसेप्शनच्या ताईंचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.