धुराचा रंग बघा, मग मिस्त्रीशी बोला

आपल्या भागात बऱ्याच गटांनी मिळून मालवाहू गाडी घेतली आहे. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. कुणाकडे टाटा ४०७, कुणाकडे पिकअप, कुणाकडे छोटा हत्ती. गाडी गटाच्या नावावर, हप्ता गटाच्या खात्यातून. पण गाडी गॅरेजला लागली की मिस्त्री बोलतो ड्रायव्हरशी, आणि आपल्यापर्यंत पोचतो तो शेवटचा आकडा. "इंजिन काम निघालंय, ताई," एवढंच. म्हणून आज आपण जुन्या डिझेल इंजिनाबद्दल बोलणार आहोत. पाना हातात घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पैसे आपले जाणार असतील तर ते कशासाठी जातात हे आपल्याला कळलंच पाहिजे.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, हे सगळ्यांना माहीत आहे. हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनाचं सगळं गुपित एवढंच. स्कूटरसारखा ठिणगीचा प्लग त्यात नसतो. पिस्टन वर येतो आणि हवा दाबून साधारण विसाव्या भागात कोंबतो. ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरने असं इंजिन १८९७ मध्ये यशस्वीपणे चालवून दाखवलं, आणि तेलालाही त्याचंच नाव चिकटलं.

म्हणजे इंजिनाला तीन गोष्टी लागतात: भरपूर हवा, पुरेसा दाब आणि बारीक फवारा. गाडीचं कुठलंही दुखणं सांगितलं की आधी मनात विचारायचं, या तिघांतलं काय कमी पडतंय?

फवाऱ्याचं काम पंप आणि नोझल करतात. औषध फवारणीच्या पंपाचं नोझल झिजलं की धुकं पडायच्या ऐवजी धार लागते, तसंच इथेही होतं. धार लागली की डिझेल नीट जळत नाही. फरक दाबाचा आहे. मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार दाब असतो. जुन्या इंजिनाचं नोझल उघडायला त्याच्या शंभरेक पट दाब लागतो. इतक्या दाबाला टिकणारे भाग केसापेक्षाही बारीक मापात घासून बसवलेले असतात. असे नोझल बनवणारा मोठा कारखाना आपल्या नाशिकला आहे. आज त्याचं नाव बॉश आहे, पण जुने लोक अजून मायकोच म्हणतात आणि तिथल्या चौकालाही तेच नाव आहे. इतक्या नाजूक वस्तूला धूळ आणि पाणी हे दोन वैरी. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं हा तिसरा, कारण पंपाच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं आणि रॉकेल त्या मानाने कोरडं. स्वस्त पडतं म्हणून ड्रायव्हर तसं करत असेल तर ते आजच थांबवा.

आता धूर. जुनी गाडी तोंडाने सांगत नाही ते धुरांड्याने सांगते.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त झालं किंवा हवा कमी पडली. पहिल्यांदा एअर फिल्टर बघायचा. उन्हाळ्यात आपल्या कच्च्या रस्त्यांवर तो किती लवकर भरतो हे वेगळं सांगायला नको. फिल्टर स्वच्छ असूनही धूर काळाच राहिला तर नोझल किंवा पंप. गाडीवर झेपत नाही इतका माल भरला तरीही धूर काळाच येतो, आणि त्या वेळी दोष इंजिनाचा नसतो.

पांढरा धूर दोन प्रकारचा. थंडीच्या सकाळी गाडी सुरू करताना थोडा येतो, डोळ्यांना झोंबतो, आणि इंजिन तापलं की जातो. ते न जळलेलं डिझेल असतं. ज्या इंजिनांना हीटर प्लग आहेत त्यांचे प्लग तपासायला सांगा. पण इंजिन तापल्यावरही पांढरे ढग निघत असतील आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर ती वाफ आहे. पाणी इंजिनाच्या आत जळण्याच्या जागी शिरतंय. बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेलं असतं. खात्री करायची सोपी रीत आहे. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं, मग गाडी सुरू करायची. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर आतला वायू पाण्यात घुसतोय.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. बराच वेळ उभ्या गाडीला एकदम रेस दिल्यावर निळा झोत निघतो आणि थांबतो, तर व्हॉल्वच्या सीलकडे बघा. चढावर माल घेऊन जाताना सतत निळा येत असेल, तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण जपून सैल केल्यावर भपकाभपका हवा वर येत असेल, तर संशय पक्का होतो. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचं सीलही ऑइल सोडतं. तेव्हा नुसत्या निळ्या धुरावरून लगेच इंजिन उघडायला होकार देऊ नका.

ऑइलच्या काठीकडे रोज बघायची सवय लावा. डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं, ती काजळी असते आणि त्यात भिण्यासारखं काही नाही. भिण्यासारख्या गोष्टी दोन. ऑइल चहासारखं दुधट झालं तर त्यात पाणी आलंय. आणि न भरता ऑइलची पातळी वाढली तर त्यात पाणी किंवा डिझेल उतरतंय. दोन्हीमध्ये गाडी चालवायची नाही.

एका गटाची गोष्ट सांगतो. गाडी घाटात ओढेनाशी झाली. सकाळी दहा वेळा सेल्फ मारावा लागायचा. गॅरेजवाल्याने पंप, नोझल आणि हेड अशी तिन्ही कामं सांगितली. आकडा ऐकून बैठकीत शांतता पसरली, कारण तेवढ्यात दोन जणींच्या म्हशी आल्या असत्या. मग कुणीतरी विचारलं, "डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला तर डिझेलच्या आधी भांडंभर पाणीच बाहेर आलं. नवा फिल्टर टाकला, हवा काढली, गाडी दुसऱ्या दिवशी घाट चढली. दर वेळी इतकं स्वस्तात सुटत नाही हे खरं. पण क्रम लक्षात घ्या: स्वस्त गोष्ट आधी तपासायची, महाग गोष्ट नंतर उघडायची. बॅटरीच्या तारांचंही तसंच. इंजिनाला जोडलेली अर्थची पट्टी गंजली की सेल्फ हळू फिरतो, आणि बिल येतं नव्या सेल्फचं.

हवा काढणं म्हणजे काय, तेही सांगून टाकतो. टाकी पूर्ण रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा अडकते. मिस्त्री म्हणतात, गाडीने एअर धरली. डिझेल दाबलं जात नाही, कारण दाब सगळा त्या हवेतच जिरतो. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू थोडा सैल करायचा आणि छोटा हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. बुडबुडे थांबले की हातपंप दाबता दाबताच स्क्रू आवळायचा. एवढं ड्रायव्हरला आणि गटातल्या निदान दोघींना यायला हवं. रात्री बाजाराच्या वाटेवर मिस्त्री मिळत नाही.

पण एक इशारा. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनावर मिस्त्री चालू इंजिनात नोझलच्या नळीचा नट एकेक करून सैल करतात आणि कुठला सिलिंडर काम करत नाही ते ओळखतात. नव्या कॉमन रेल गाड्यांवर हे कधीही करू द्यायचं नाही. तिथे नळीत हजार बारच्याही वर दाब असतो. इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. वरून सुईएवढंच भोक दिसतं, पण बोट किंवा हात गमवायची वेळ येते. अशी धार लागली तर दुखत नसलं तरी तडक दवाखाना गाठायचा, आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं.

आमच्या मते आपल्याकडची जुनी इंजिनं झिजून मरतात त्यापेक्षा जास्त तापून मरतात. रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं असतं. आत दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की पाणी लवकर उकळतं. झाकण दिसायला किरकोळ, म्हणून ते कुणी बदलत नाही. दुसरं, बोअरचं पाणी. पाणी तापवायच्या बंबात आतून जो पांढरा थर बसतो तोच थर इंजिनात आणि रेडिएटरमध्ये बसतो, आणि मग उष्णता बाहेर जात नाही. कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी गाडीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात घाला. रेडिएटरच्या जाळीत भुसा, किडे, चिखल अडकतो, तो आतल्या बाजूने बाहेर पाणी मारून धुवा.

तिसरी गोष्ट मिस्त्री लोकांना आवडणार नाही. गाडी तापते म्हटलं की कित्येक जण थर्मोस्टॅट काढून फेकतात. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं छोटं दार. इंजिन गरम होईपर्यंत ते बंद राहतं. ते काढलं की इंजिनाला तापायला फार वेळ लागतो, डिझेल जास्त जातं आणि झीज वाढते. तापण्याचं मूळ कारण मात्र तसंच राहतं. बिघडलं असेल तर नवं बसवा. आणि तापमानाचा काटा बंद असेल तर गाडीवर दुसरा कुठलाही खर्च करायच्या आधी तो चालू करून घ्या.

गाडी तापलीच तर कडेला घ्या, माल उशिरा पोचला तरी चालेल. गरम झाकण उघडू नका, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. ओतलं तर हेडला तडा जातो. तापलेलं हेड वाकतं, म्हणून गॅस्केट बदलताना हेड सपाट आहे का ते पट्टी लावून बघायला सांगा. वाकलेल्या हेडखाली नवं गॅस्केट घातलं तर ते महिन्याभरात परत उडणार, आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागणार.

आता "मॉडिफाय" करण्याबद्दल. गाडी उचलत नाही म्हटलं की कुणीतरी सांगतं, पंप थोडा खोलू या. म्हणजे पंपावरचा जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा स्क्रू फिरवायचा. कंपनी त्यावर सील लावते ते उगाच नाही. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मग काय होणार? चार दिवस गाडी पळते, मागे काळा धूर, आतली उष्णता वाढते, पिस्टनचं डोकं वितळतं. धूर तपासणीच्या दिवशी स्क्रू मागे आणि दुसऱ्या दिवशी परत पुढे, असंही चालतं. तो धूर कुठे जातो? हौद्यात मालावर बसलेल्या बायांच्या आणि संकलन केंद्रावर गाडी चालू ठेवल्यावर तिथे उभ्या पोरांच्या छातीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची नोंद माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींत केली आहे. पंपाचं काम करायचंच असेल तर ते पंप टेस्टिंगच्या दुकानात, यंत्रावर लावून, चारही नोझलना सारखं डिझेल जातं ना हे बघून. अंदाजाने नको.

साध्या इंजिनाला टर्बो बसवून देतो म्हणणारेही भेटतात. टर्बोला स्वच्छ ऑइलचा सतत पुरवठा लागतो, आणि त्याच्या दाबाला पिस्टन, गॅस्केट, रेडिएटर सगळंच तोलामोलाचं लागतं. हौशी माणसाने स्वतःच्या पैशाने करावं. गटाच्या गाडीवर नको. आमच्या मते करण्यासारखे बदल दोनच: पाणी वेगळं करणारा चांगला डिझेल फिल्टर, आणि कूलंट कमी झालं की वाजणारा बझर.

दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकायचा सल्ला कधीकधी खरंच स्वस्त पडतो. पण इंजिनाचा नंबर नोंदणी पुस्तकात असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदलेला तपशील बदलेल असा फेरफार मनाने करता येत नाही. आधी परिवहन कार्यालयात विचारा, इंजिनाच्या खरेदीची पावती घ्या, पुस्तकात नोंद करून घ्या. नाहीतर अपघाताच्या दिवशी विमा कंपनी बोट तिथेच ठेवते.

आणि खरोखर इंजिन काम निघालंच तर? आधी कंप्रेशन मोजून घ्या. एकाच सिलिंडरचा दाब पडला असेल आणि बाकीचे तीन ठीक असतील तर दोष व्हॉल्वचा किंवा गॅस्केटचा असू शकतो. चारही पडले असतील तर हाफ इंजिन, म्हणजे बोअर, पिस्टन, रिंगा. क्रँक आणि बेअरिंग खराब असतील तर फुल इंजिन. अंदाजपत्रक लिहून घ्या, त्यात सुटे भाग वेगळे आणि मजुरी वेगळी. जुने भाग परत मागा. मिस्त्रीदादांवर अविश्वास म्हणून नव्हे. झिजलेली रिंग हातात घेतली की पुढच्या वेळी काय ते लगेच समजतं. काम झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस गाडी कमी मालावर चालवायची आणि पहिलं ऑइल लवकर बदलायचं, कारण नवे भाग एकमेकांवर घासून बसताना धातूचा चुरा सुटतो.

ब्रेक आणि पाटे राहिले. जादा पाटा घालून माल वाढवला तरी ब्रेक तेवढाच राहतो, हा विषय पुढच्या भागात घेऊ. तोवर गटाच्या गाडीचा डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते ड्रायव्हरला विचारून ठेवा.