महाविद्यालयीन वेबमेल प्रणाली आणि जावक ईमेलच्या मार्गाची निवड : घाटंजीच्या संदर्भात

प्रस्तावना :

घाटंजी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होय. हा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. विद्यापीठ अमरावतीला, जिल्हा कार्यालये यवतमाळला आणि विद्यार्थी खेडोपाडी, अशा स्थितीत महाविद्यालयाचा बराचसा पत्रव्यवहार ईमेलवर अवलंबून असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जातील त्रुटी कळविणारे पत्र पडद्यावर ‘पाठविले’ असे दिसूनही विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले नाही आणि मुदत संपली, तर नुकसान विद्यार्थ्याचे होते. म्हणूनच स्वतःच्या नावाच्या डोमेनवर वेबमेल चालविणाऱ्या महाविद्यालयाने जावक पत्र कोणत्या मार्गाने पाठवावे, हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

जावक ईमेलचे दोन मार्ग :

वेबमेल स्वतः पत्र पोहोचवीत नाही. ते दुसऱ्या यंत्रणेच्या हवाली करते. स्क्विरलमेल या जुन्या प्रणालीत त्यासाठी सेंडमेल व एसएमटीपी असे दोन पर्याय आहेत.

पहिल्या पर्यायात वेबमेल त्याच सर्व्हरवरील सेंडमेल आज्ञेकडे पत्र सोपविते. पोस्टफिक्स व एक्झिम या प्रणालीही याच नावाची आज्ञा पुरवितात. हा प्रकार टपालपेटीत पत्र टाकण्यासारखा आहे. पत्र पेटीत पडले एवढेच कळते. पुढील अडचण पाठविणाऱ्याच्या पडद्यावर दिसत नाही.

दुसऱ्या पर्यायात वेबमेल एसएमटीपी या संकेतानुसार मेल सर्व्हरशी संवाद साधते. हा संकेत १९८२ साली आरएफसी ८२१ द्वारे प्रसिद्ध झाला. हा प्रकार टपाल कार्यालयाच्या खिडकीवर रजिस्टर पत्र देण्यासारखा आहे. स्वीकारल्यास २५० व कायमचे नाकारल्यास ५५० असा क्रमांक तेथल्या तेथे मिळतो. अर्थात ही पावती स्वीकृतीची असते, पोहोचल्याची नव्हे.

सुरक्षितता :

२०१७ साली स्क्विरलमेलच्या १.४.२२ आवृत्तीत गंभीर दोष उघड झाला. सेंडमेलचा पर्याय निवडलेला असल्यास लॉग-इन केलेली व्यक्ती सर्व्हरवर स्वतःच्या आज्ञा चालवू शकत होती. एसएमटीपीचा पर्याय निवडणाऱ्यांना या दोषाची बाधा नव्हती. राऊंडक्यूबच्या चालू आवृत्त्या एसएमटीपीद्वारेच पत्र पाठवितात.

विश्वासार्हता :

पत्र स्वीकारावे की स्पॅममध्ये टाकावे, हे घेणारा सर्व्हर ठरवितो. महाविद्यालयाच्या ब्रॉडबँड जोडणीवरील सर्व्हरने थेट पत्र पाठविल्यास त्याचा आयपी पत्ता घरगुती ग्राहकांच्या पत्त्यांत गणला जाण्याची शक्यता असते. स्पॅमहाऊससारख्या संस्था अशा पत्त्यांच्या याद्या ठेवतात व अनेक मेल सर्व्हर त्या पाहून पत्र नाकारतात. त्यामुळे नावलौकिक असलेल्या मेल सेवेच्या सर्व्हरमार्फत, खाते व पासवर्ड देऊन पत्र पाठविणे श्रेयस्कर ठरते. त्यासाठी ५८७ किंवा ४६५ क्रमांकाचे पोर्ट वापरावे. पोर्ट २५ हे सर्व्हर-सर्व्हरमधील देवाणघेवाणीसाठी आहे.

एवढ्याने काम संपत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर पत्र पाठविणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक व्यवस्था आवश्यक झाली. दिवसाला ५००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना या दोन्हींसह डीमार्कही बंधनकारक झाले. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, याची डोमेनच्या नोंदीतील जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरील अंकीय स्वाक्षरी. सेवा बदलली परंतु एसपीएफची नोंद जुनीच राहिली, तर खरे पत्रही खोटे ठरू शकते.

मर्यादा :

एसएमटीपी मार्गातही उणिवा आहेत. खात्याचा पासवर्ड सर्व्हरवरील फाइलमध्ये ठेवल्यास ती फाइल जपावी लागते. बाहेरील सेवांना दैनंदिन पत्रसंख्येची मर्यादा असते. प्रवेशाच्या काळात ती अपुरी पडू शकते. इंटरनेट खंडित असल्यास बाहेरील सर्व्हरशी जोडणी होत नाही. स्थानिक सेंडमेल मात्र पत्र रांगेत ठेवून पुन्हा प्रयत्न करते. हा त्याचा खरा गुण होय.

निष्कर्ष :

घाटंजीसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयासाठी पासवर्डसह एसएमटीपी हा मार्ग अधिक योग्य ठरतो. स्थानिक रांग हवीच असेल, तर स्थानिक सर्व्हरने तीच पत्रे बाहेरील सेवेकडे सोपवावीत. परत आलेली पत्रे रोज पाहण्याची जबाबदारी एका कर्मचाऱ्याकडे लेखी सोपविणेही तितकेच आवश्यक आहे. पत्र परत आल्याचे कोणी पाहिलेच नाही, तर उत्तम मार्ग निवडूनही विद्यार्थ्याची मुदत वाचणार नाही.