पीटीचे सर आणि पळणारी मुलं

गोरेगावहून विरारच्या दिशेने दुसरं स्टेशन कांदिवली. पीटीच्या तासाचा मागोवा तिथूनच घ्यावा लागतो. १९३७ साली मुंबई सरकारने स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली आणि १९३८ मध्ये कांदिवलीत शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. व्यायाम शिकवणं हाही शिकून करायचा पेशा ठरला.

कवायत आणि लेझीम ही या तासाची जुनी ओळख. सावधान-विश्राम कंटाळवाणं खरं, पण शिट्टी वाजली की सगळ्या वर्गाचे हात एकदम वर जायचे. पुढे खेळ आणि स्पर्धांचं महत्त्व वाढलं. गोरेगावात १९७२ साली स्थापन झालेल्या ‘प्रबोधन गोरेगाव’ने आंतरशालेय क्रीडा महोत्सव भरवले, मुलांना मैदान दिलं, शाळाशाळांत चुरस आणली. पण चुरशीची दुसरी बाजू रोजच्या तासात दिसते. पन्नास मुलांच्या वर्गात कबड्डीचा एक डाव मांडला, तर चौदा जण खेळतात आणि छत्तीस जण कडेला धुळीत रेघोट्या ओढतात. ‘बाद झाला तो बाहेर’ या नियमाने तर ज्याला धावण्याची सर्वांत गरज, तोच आधी बसतो.

१९९१ मध्ये अमेरिकेत थॉम मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी हा तास मोजायची ‘सोफिट’ पद्धत मांडली. तिच्यात मुलं किती हलतात याबरोबरच शिक्षक त्या वेळी काय करतात, याचीही नोंद होते. निम्मा तास तरी मुलांना दम लागेल अशी हालचाल हवी, हा दंडक पुढे रूढ झाला. पस्तीस मिनिटांच्या तासात ही सतरा-अठरा मिनिटं होतात. हजेरी, रांगा आणि लांबलेल्या सूचनांत ती सहज संपतात. याउलट सरांनी वर्गाचे चार गट पाडले, सूचना दोन वाक्यांत आटोपल्या, मागे पडलेल्याला ‘शाब्बास, चल’ म्हटलं, तर चिंचोळ्या पटांगणातही सगळी मुलं घामाघूम होतात. शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावणारे सर मात्र मुलांना धावण्याचाच तिटकारा लावतात.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तिथे शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशकाची तरतूद केली. पण पोर्शन राहिला की गणिताच्या बाई आजही पहिला हात पीटीच्या तासालाच घालतात.

पालकसभेत ढाली किती मिळाल्या हे विचारून झालं असेल, तर आता एवढंच विचारा: आमचं मूल या आठवड्यात किती मिनिटं पळालं?