डोहाळजेवण आणि रोजचे जेवण

परवा दांडिया बाजारातील एका परिचितांच्या घरी डोहाळजेवणाला जाण्याचा योग आला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, वाटीखाली पेढा की बर्फी ते ओळखावयाची गंमत, पक्वान्नांनी भरलेले ताट. सारे कसे यथासांग होते. बायकांची पंगत उठल्यावर पाणी पिण्यास म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. पाहते तो घरची थोरली सून ओट्याला टेकून, तळाशी उरलेल्या भातावर आमटी ओतून घेत होती. तिलाही पाचवा महिना. पण ही तिची दुसरी खेप. डोहाळजेवण आपल्याकडे पहिलटकरणीचेच करावयाचे असते.

मला १९६२ सालची आमची वहिनी आठवली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. वहिनीचे पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झाले होते. ही रीत मला आजही शहाणपणाची वाटते. मुलीला विसावा मिळतो आणि सासूजवळ जे बोलता येत नाही ते आईजवळ बोलता येते. दुसऱ्या वेळी मात्र ‘घरचे कोण पाहणार?’ म्हणून ती इथेच राहिली. नळ खाली, स्वयंपाकघर माडीवर. आठव्या महिन्यातही कळशा तीच वर नेई. पाय सुजले, बांगड्या हातात रुतू लागल्या. एके दिवशी सकाळपासून डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. आईने मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. दादा फिरतीवर गेलेले. इस्पितळ टांग्याने दहा मिनिटांच्या वाटेवर. पण ‘नाना कचेरीतून आले की पाहू’ असे ठरले. सुनेने आपल्या दुखण्याचे सासऱ्यांना काय सांगावे, आणि त्यांना न विचारता आईने तरी टांगा कसा बोलवावा? नाना सहाला आले, तोवर वहिनीला झटके येऊ लागले होते. वहिनी वाचली, मूल गेले. नाना त्या रात्री जेवले नाहीत. आमच्या घरात वाईट माणूस एकही नव्हते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा हा विकार. दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला आणि लघवी तपासली, तर बहुधा आधीच कळतो. पुढे १९९४ साली थॅडियस आणि मेन या दोन विदुषींनी मातांच्या मृत्यूंमागे तीन विलंब दाखवून दिले. पोहोचण्यातला विलंब दुसरा, पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला तिसरा. पहिला विलंब घरातच होतो, जावे की न जावे हे ठरविण्यात.

कायद्याला उंबरठ्याच्या आत फारसे चालत नाही, हा आपल्या बडोद्याचा जुना अनुभव आहे. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला, मुलीचे वय निदान बारा ठरविले. तर पुष्कळांनी दंड भरला आणि लग्ने उरकली!

टांग्याचा प्रश्न आता बराच सुटला आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातली जवळजवळ ८९ बाळंतपणे दवाखान्यांत झालेली आढळली. २०१८–२० या काळात देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, गुजरातेत ५७. पूर्वीच्या मानाने हे आकडे खूपच उतरले आहेत. पण त्याच पाहणीत निम्म्याहून अधिक, शंभरात ५२, गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी होते, आणि लोहाच्या गोळ्या निदान शंभर दिवस घेतलेल्या शंभरात ४४ च निघाल्या. गोळ्या सरकार फुकट देते. घरात शेवटी जेवणारीच्या वाट्याला भाजी किती येते, हे मात्र कोणी मोजावयाचे? त्यातून ‘फार खाल्ले तर मूल मोठे होऊन अडेल’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्या बायका मी सुशिक्षित घरांतही पाहिल्या आहेत.

त्या थोरल्या सुनेला मी हळूच विचारले, “गोळ्या घेतेस ना गं?”

“घेते ना मावशी, सकाळच्या चहाबरोबर. तेवढीच काय ती बसायची वेळ.”

चहाने लोह अंगी लागत नाही, दुपारी जेवणानंतर लिंबाच्या पाण्याबरोबर घेत जा, असे मी तिला सांगितले. ताट विसळता विसळता ती हसली. म्हणाली, “दुपारी म्हणजे किती वाजता, मावशी?”