घर आणि दुकान एका तारेने जोडा

छावणीत आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांचे दुकान पुढे आणि राहते घर मागे किंवा माडीवर असते. गल्ल्यावर एक संगणक, घरात मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला दुसरा. दिवसाची बिले पेन ड्राइव्हवर घालून रात्री घरात न्यायची, मुलगी किंवा सूनबाई जमाखर्च लिहिणार आणि सकाळी तोच पेन ड्राइव्ह परत गल्ल्यावर. गुरुवारच्या बाजाराच्या गडबडीत एकदा ही ने-आण चुकली की दोन वह्या होतात. एकीत ग्राहकाची उधारी फिटलेली, दुसरीत बाकी. मग ज्याने पैसे चुकते केले, त्याच्याकडेच पुन्हा तगादा जातो. भरल्या दुकानात तो संतापला तर त्याचे काय चुकले?

यावर उपाय म्हणजे दोन्ही संगणक जोडून हिशेब एकाच ठिकाणी ठेवणे. यासाठी इंटरनेट लागते असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा आहे. इंटरनेट बंद पडले तरी घरातील नेटवर्क चालू राहते.

इंटरनेटसाठी बसवलेल्या राउटरच्या मागे बहुधा तार लावण्याच्या जास्तीच्या जागा असतात. त्या अपुऱ्या पडल्या तर पाच जागांचा स्विच हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. संगणक व प्रिंटर तारेने जोडावेत, मोबाइल वायफायवर राहू द्यावेत. जुन्या जाड भिंतींतून वायफाय क्षीण होते. तारेला भिंतीची अडचण नाही, मात्र एका तुकड्याची लांबी १०० मीटरपेक्षा जास्त नसावी.

तार कॅट-६ जातीची व शुद्ध तांब्याची घ्यावी. स्वस्त तारेत अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने खरवडून पाहावे, आतून पांढरी निघाली तर परत करावी. विजेच्या तारेच्या पाइपातून ही तार नेऊ नये. दुकान रस्त्याच्या पलीकडे असेल तर सार्वजनिक रस्त्यावरून आपली तार ओढण्याच्या भानगडीत पडू नये.

टोकाला कनेक्टर बसवणे कारागिराच्या हाताला अवघड नाही. कनेक्टरची खिट्टी खाली ठेवून डावीकडून रंग असे लावावेत : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा. १९९० च्या सुमारास कार्यालयांत एकच तार सगळ्या संगणकांतून फिरवली जाई आणि एक जोड सैल झाला की सगळेच बंद पडत. आज प्रत्येक संगणकाची तार वेगळी असते, त्यामुळे बिघाड शोधणे सोपे.

आता हिशेबाकडे वळू. जो संगणक दुकानाच्या वेळेत सतत चालू असतो, त्यावरच वही ठेवावी. वही असलेला फोल्डर नेटवर्कवर खुला करून त्याला पासवर्ड लावावा. राउटरमध्ये या संगणकाचा व प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा, नाहीतर पत्ता बदलतो आणि एखाद्या सकाळी वही सापडत नाही. हिशेब एक्सेलमध्ये असेल तर एकाने फाइल उघडल्यावर दुसऱ्याला ती एरवी फक्त वाचता येते. ही अडचण वाटते, पण दोन वह्या होण्यापासून तीच वाचवते. टॅली वापरणाऱ्यांनी आपला परवाना तपासावा. सिल्व्हर परवाना एका वेळी एकाच माणसासाठी असतो, नेटवर्कवर अनेकांनी एकत्र काम करायचे तर गोल्ड लागतो. लहान दुकानाला इतका खर्च करण्याची गरज बहुधा नसते, कामाच्या वेळा वाटून घेतल्या तरी भागते.

वायफायचा पासवर्ड ग्राहकाला देऊ नये. द्यावाच लागला तर राउटरमधील पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क सुरू करावे. राउटर आणि स्विचही यूपीएसवर घ्यावेत, कारण लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल बिघडू शकते.

एकाच ठिकाणच्या वहीची नक्कल मात्र हवीच. ती रोज रात्री वेगळ्या डिस्कवर उतरवून डिस्क काढून कपाटात ठेवावी. डिस्क जोडलेलीच राहिली आणि संगणकात फाइलींना कुलूप लावणारा व्हायरस शिरला, तर वहीबरोबर नक्कलही जाते.