पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

धुळे जिल्ह्यातल्या सामोडे (ता. साक्री) गावचे डॉ. राजेंद्र भारूड भिल्ल कुटुंबात, अत्यंत गरिबीत वाढले. मुंबईत एमबीबीएस करतानाच त्यांनी यूपीएससीची तयारी केली आणि २०१३च्या तुकडीत ते आयएएस झाले. कॉलेज सांभाळून ही तयारी जमली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण जळगाव-धुळ्याच्या अभ्यासिकांत आजही दिवसाचे तास मोजले जातात. त्या तासांत डोक्यात काय उरलं, ते कुणी मोजत नाही.

पुन:पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला येतंय असा भास होतो. खरी परीक्षा पुस्तक मिटल्यावर. कोरा कागद घ्या आणि लिहा : तापी पश्चिमेला का वाहते? सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर, त्यांच्यामधली खचदरी, गिरणा-पांझरा या उपनद्या. जे आठवलं नाही, तेवढंच पुन्हा वाचा. मग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, महिन्याने तोच प्रश्न. शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरलं जातं, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्येच दाखवलं होतं.

यूपीएससी मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत प्रत्येकी तीन तासांत वीस उत्तरं लिहायची असतात, म्हणजे एकाला सरासरी नऊ मिनिटं. म्हणून रोज एक तरी उत्तर घड्याळ लावून लिहावं आणि जाणत्याकडून तपासून घ्यावं. दिव्यांग आणि अनाथ विद्यार्थ्यांच्या अशा तयारीसाठी जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ हा निवासी प्रकल्प आहे.