जड तीर की वेगवान तीर? वजन, वेग आणि भेदन यांचा हिशेब

धनुष्याच्या कोणत्याही आधुनिक जाहिरातीत सर्वांत ठळक आकडा वेगाचा असतो. सेकंदाला ३०० फूट, ३३० फूट, ३४० फूट. त्यामुळे तीर जितका वेगवान तितका उत्तम, अशी समजूत विद्यार्थ्यांत सहज रुजते. शिकारीच्या तिराबाबत ही समजूत बहुतांशी चुकीची आहे. ती का चुकीची, हे तपासताना गतिज ऊर्जा आणि संवेग (उर्दू माध्यमाच्या पुस्तकांतील 'हरकी तवानाई' आणि 'मेयारे-हरकत') यांतील फरक जितका स्पष्ट होतो, तितका तो व्याख्या पाठ करून होत नाही. म्हणून अध्यापकांसाठी हा विषय येथे मांडत आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. धनुष्य वापरले म्हणून सवलत मिळत नाही. आमच्या ग्वाल्हेरपासून जवळच असलेल्या शिवपुरीच्या ज्या जंगलात शिंदे घराण्याच्या शिकारी होत, ते आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०२५ पासून व्याघ्र प्रकल्पही. धनुष्याने शिकार कायदेशीर आहे ती अमेरिकेसारख्या काही देशांत. खालील विवेचन समजून घेण्यासाठी आहे, करून पाहण्यासाठी नव्हे.

बंदुकीची गोळी आघाताने ऊती फाडते, तीर कापतो. त्याचे सारे काम टोकाच्या धारेवर आणि ती धार किती खोल जाते यावर अवलंबून असते. फिक्हच्या ग्रंथांत शिकारीच्या प्रकरणी तीर आत घुसून मेलेला प्राणी आणि आडव्या माराने मेलेला प्राणी असा जो भेद केला आहे, त्याच्या मुळाशी हेच निरीक्षण आहे. तीर अर्धवट घुसला तर प्राणी पळून जातो आणि जखम घेऊन तासन्‌तास तडफडतो. म्हणून तिराच्या वजनाचा प्रश्न केवळ हौशी लोकांच्या वादाचा राहत नाही.

आता हिशेब पाहू. एकाच कंपाउंड धनुष्यातून २३ ग्रॅमचा तीर सेकंदाला ८५ मीटर वेगाने सुटतो आणि ३२ ग्रॅमचा ७३.५ मीटर वेगाने, असे धरू. आकडे वर्गात सोयीचे पडावेत असे घेतले आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. हलक्या तिराची गतिज ऊर्जा सुमारे ८३ ज्यूल येते, जड तिराची सुमारे ८६. संवेग मात्र अनुक्रमे १.९६ आणि २.३५ (किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद), म्हणजे जड तिराचा वीस टक्के अधिक. शरीरात शिरताना तिराला सतत विरोध होत असतो, आणि त्या विरोधाला न थांबता पुढे जाण्याची क्षमता संवेगावरून अधिक चांगली कळते. वेगवान तिरावरील विरोधही जास्त, म्हणून वेगाचा बराचसा फायदा आतच खर्च होतो.

जड तिराची ऊर्जाही थोडी जास्त कशी, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. धनुष्य ओढले की ऊर्जा त्याच्या पात्यांत साठते. सोडताना ती फक्त तिराला मिळत नाही. पाती आणि दोरी यांनाही हलायचे असते. तीर जड असला की सारी हालचाल संथ होते, पाती-दोरीच्या वाट्याची ऊर्जा घटते आणि तिराच्या पदरात अधिक पडते. उलट तीर फारच हलका असला तर उरलेली ऊर्जा पात्यांतच धडकते आणि ती तडकू शकतात. तीर न लावता दोरी सोडण्यासारखाच तो प्रकार. म्हणून ओढीच्या प्रत्येक पौंडामागे किमान ५ ग्रेन तीर हवा, असा सर्वसाधारण संकेत आहे. (एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम.) गंमत अशी की जाहिरातीतला वेग बहुधा ७० पौंड ओढ, ३० इंच खेच आणि ३५० ग्रेनचा तीर धरून मोजलेला असतो. सत्तर गुणिले पाच, साडेतीनशे! म्हणजे तो आकडा चालण्याजोग्या सर्वांत हलक्या तिराचा असतो.

मग वेगाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि ती अंतराबरोबर वाढते. हवेचा विरोध सोडून दिला तर २० मीटरवर वरील हलका तीर २७ सेंटिमीटर खाली येतो, जड ३६. फरक अवघा ९ सेंटिमीटर. पन्नास मीटरवर हाच फरक सुमारे ५७ सेंटिमीटर होतो. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी वेगवान तीर सांभाळून घेतो. पण दोरीचा आवाज ऐकून हरीण दचकते, त्यावर वेगाचा उपाय चालत नाही. ध्वनी सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. तीर कितीही हलका केला तरी आवाज आधी पोहोचणारच. जड तिराने धनुष्याचा आवाजच कमी होतो, हा अधिक खरा उपाय.

जुन्या तिरंदाजांना हे ठाऊक होते. मोरोक्कोतील इ. स. १५०० च्या सुमाराच्या एका अरबी हस्तलिखितात (फारिस आणि एल्मर यांचे भाषांतर प्रिन्स्टनहून १९४५ मध्ये निघाले) तिराचे वजन आणि कमानीचा जोर यांच्या प्रमाणाची चर्चा आहे. इस्तंबूलच्या ओकमैदानावर लांब पल्ल्याच्या स्पर्धेसाठी अतिशय हलके तीर वापरत. युद्धाचे तीर वेगळे आणि जड. उर्दूत नेम धरण्याला 'शिस्त बाँधना' म्हणतात, जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेम. फारसीत मात्र 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि कमान ओढताना त्यात घालायचे कडेही.

लक्ष्यवेधात गणित पुन्हा बदलते. कंपाउंड प्रकारात अंतर ठरलेले, ५० मीटर, आणि दहा गुणांचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे. तेथे खोल घुसायचे नसते. प्रत्येक तीर आधीच्या तिरासारखाच जायला हवा, वारा असला तरी. म्हणून स्पर्धक तिरांचा पूर्ण संच एकाच वजनाचा आणि एकाच ताठपणाचा निवडतात. साताऱ्यात सराव केलेल्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. प्रतिस्पर्ध्याचे १४९ होते.

वर्गात धनुष्याची गरज नाही. बेचकीच्या एकाच ताणाने वेगवेगळ्या वजनांचे मातीचे गोळे मोकळ्या मैदानात, समोर कोणी नसताना, ओल्या मातीच्या ढिगात सोडावेत आणि खड्ड्यांची खोली पट्टीने मोजावी. गोळ्यांचा आकार मात्र सारखा ठेवावा, वजन आत छर्रे घालून वाढवावे, नाहीतर तुलना फसते.